आई, तुझं मत आधीच ठरलेलं असतं

एक प्राध्यापिका लिहितात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत): मी पन्नाशी ओलांडली आहे, भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञान, तंत्रज्ञान, इंटरनेट यांच्या बातम्या रोज वाचते आणि माझी मतं ठाम असतात. २०११ मध्ये न्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेले सूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा वेगाने धावल्याची बातमी आली, तेव्हा स्टाफरूममध्ये ‘काहीतरी चुकलंय’ म्हणणारी मी पहिली होते. मुलगा आता २४ वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो सतत काहीतरी ‘जग बदलणारं’ घेऊन येतो आणि मी त्यातली हवा काढते. २०२२ मध्ये फ्यूजनची (अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवण्याची) बातमी आली, २०२३ मध्ये खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या सुपरकंडक्टरची (काहीही रोध न करता वीज वाहू देणाऱ्या पदार्थाची). दोन्ही वेळा मीच बरोबर ठरले. एआय म्हणाल तर तोही नुसता गाजावाजा. काही महिन्यांपूर्वी मुलगा म्हणाला, ‘आई, तुझं मत बातमी वाचायच्या आधीच ठरलेलं असतं.’ तेव्हापासून त्याने मला बातम्या सांगणं सोडलं. अलीकडे कळलं की तो एआयवर काम करणाऱ्या गटात गेला आहे, तेही त्याच्या मित्राच्या आईकडून. खोट्याला खोटं म्हणणं मी सोडून द्यावं का? की तो जरा जाणता होईपर्यंत थांबावं? ता. क. माझ्या नणंदबाई प्रत्येक भेटीत मोबाइल टॉवरमुळे कॅन्सर होतो हे ऐकवतात. त्यांना दर वेळी उत्तर द्यायचं का?

नमस्कार ताई,

मुलाच्या कामातला एवढा मोठा बदल तुम्हाला बाहेरून कळला, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात दुखरी ओळ. तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत आणि लगेच खऱ्या-खोट्याकडे वळलात. मीही तिच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या ‘मीच बरोबर ठरले’ याचा हिशेब बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

खळबळजनक दावा आला की ‘हे टिकणार नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. प्रयोगशाळेत चमकलेल्या बहुतेक गोष्टी पुढच्या तपासणीत गळतात, आणि उरतात त्यांतल्या बऱ्याच कारखान्यापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बातमीला नकार देत गेलं तरी वर्षअखेर गुण चांगले पडतात, आणि त्यासाठी बातमी उघडावीही लागत नाही. तुमच्या मुलाने नेमकं हेच पकडलं आहे. त्याचं वाक्य तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण विद्यार्थ्याने वर्गात विचारलेल्या शंकेकडे बघता तसं एकदा त्याच्याकडे बघा. तुम्ही बरोबर ठरलात यावर त्याचा आक्षेप नाहीच. तुम्ही तिथवर कशा पोचलात, हे त्याला दिसत नाही.

न्यूट्रिनोचंच घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेहून निघालेले न्यूट्रिनो इटलीतल्या ग्रान सासो या भूमिगत प्रयोगशाळेपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर जाताना प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, असं ऑपेरा या प्रयोगात दिसलं. ‘काहीतरी चुकलंय’ असं तुम्हाला वाटलं, पण तसं त्या प्रयोगातल्या माणसांनाही वाटत होतं. त्यांनी महिनोन् महिने चूक शोधली, सापडली नाही, म्हणून निकाल जगापुढे ठेवला आणि ‘तुम्ही शोधून बघा’ म्हटलं. गटातल्या काहींनी तर त्या लेखाला आपलं नाव द्यायलाच नकार दिला. २०१२ मध्ये कळलं की वेळेच्या यंत्रणेतली एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. ही केबल स्टाफरूममधून दिसणं शक्यच नव्हतं. मग तुमच्या मताला आधार कशाचा होता?

आधार भक्कम असू शकत होता. १९८७ च्या फेब्रुवारीत सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या जेमतेम दोन-तीन तास आधी पोचले, आणि तेही प्रकाशाला ताऱ्याच्या थरांतून बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. ऑपेराने मोजलेला फरक तिथे लावला तर ते चार वर्षांहून जास्त आधी यायला हवे होते. दोन्हीकडच्या न्यूट्रिनोंच्या ऊर्जेत मोठा फरक आहे, त्यामुळे एवढ्याने वाद मिटत नाही. पण शंकेला वजन येतं. त्या वेळी तुम्ही सहकाऱ्यांना हे सांगितलं होतंत का? की ‘आइन्स्टाइन चुकणार नाही’ एवढंच? निकाल दोन्हीकडे एकच लागला असता, पण पहिल्या उत्तरातून ऐकणाऱ्याच्या हाती पुढच्या बातमीला वापरता येईल असं काहीतरी लागतं. दुसऱ्यातून त्याला तुमचा स्वभाव तेवढा कळतो.

फ्यूजनच्या वेळी तर मला वाटतं तुम्ही दोघंही अर्धे-अर्धे बरोबर होतात. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरांनी इंधन असलेल्या लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. ते लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. तुम्ही बहुधा हा ३०० चा आकडा पुढे केला असणार. आकडा खरा आहे. त्यावरून ‘वीजघर अजून फार लांब आहे’ म्हणणंही खरं. पण ‘काहीच घडलं नाही’ हे त्यातून निघत नाही. लक्ष्यावर टाकली त्याहून जास्त ऊर्जा फ्यूजनमधून मिळणं हे प्रयोगशाळेत तोवर एकदाही जमलेलं नव्हतं आणि त्यामागे अनेक दशकांचं काम होतं. शिवाय ती यंत्रणा वीज बनवायला उभारलेलीच नाही. अण्वस्त्रांची प्रत्यक्ष चाचणी न करता त्यांचा अभ्यास करणं हे तिचं मुख्य काम. मुलगा ‘विज्ञानात काही नवं घडलं का’ या प्रश्नाचं उत्तर देत होता आणि तुम्ही ‘घरात वीज कधी येणार’ या प्रश्नाचं. असे वाद रात्रभर चालतात आणि दोघांनाही समोरचा हट्टी वाटतो.

इतर वाचकांनीही हे तपासून बघावं. घरातल्या किंवा ऑफिसातल्या अशा भांडणांतली निम्मी तरी, माझ्या अंदाजाने, दोन वेगळ्या प्रश्नांची असतात. आवाज चढायच्या आधी एकाने विचारावं, ‘आपण नक्की कशावर बोलतोय? हे खरं आहे का यावर, उपयोगाचं आहे का यावर, की चांगलं आहे का यावर?’

आता एक गोष्ट जरा खटकली ती सांगते. पत्रात तुमची तीन बरोबर आलेली मतं आहेत आणि चुकलेलं एकही नाही. इतकी वर्षं रोज बातम्या वाचून ठाम मतं देणाऱ्या माणसाचं काहीच चुकलं नसेल, हे मला पटत नाही. चुकलेली मतं आपण लक्षातच ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रॉबर्ट मेटकाफ हे इथरनेटच्या (संगणक एकमेकांना जोडण्याच्या तंत्राच्या) जनकांपैकी एक, म्हणजे नेटवर्क कळणारा त्यांच्याएवढा माणूस शोधून सापडणार नाही. त्यांनी १९९५ च्या अखेरीस आपल्या सदरात लिहिलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल. तसं काही झालं नाही. चुकलो तर शब्द गिळीन, असं ते म्हणाले होते. १९९७ मध्ये एका परिषदेत त्यांनी ते सदर पाण्यात घालून मिक्सरमधून काढलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. मला हा माणूस फार आवडतो.

चूक उलट्या बाजूनेही होते. एआय संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटलं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्रं त्यांच्याहून चांगलं काम करतील. आज स्कॅन वाचायला यंत्रांची मदत होते, आणि रेडिओलॉजिस्टही हवेच आहेत. याच हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्यासह मिळालं, आजच्या एआयच्या मुळाशी असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी. तुमच्या विषयाचं नोबेल, ताई! त्यावर तुमची काय प्रतिक्रिया होती ते पत्रात नाही. मला ऐकायला आवडलं असतं.

एआयबद्दलच्या तुमच्या मतावर म्हणूनच थोडं थांबते. ‘नुसता गाजावाजा’ हे कशाला उद्देशून? प्रथिनांची त्रिमितीय रचना ओळखण्याचं कोडं पन्नास वर्षं अडलेलं होतं. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने त्यात अशी मजल मारली की २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला गेला. त्याच वेळी भाषेची मॉडेलं (चॅटजीपीटीसारखी) अस्तित्वात नसलेले संदर्भ छातीठोकपणे देतात, हेही खरं. काही कंपन्या जुन्याच सॉफ्टवेअरला नवं नाव चिकटवतात, तेही खरं. या सगळ्याला मिळून एकच मत कसं पुरेल? आणि तुमचा मुलगा यांतल्या कशावर काम करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

आता त्या दुखऱ्या ओळीकडे येते.

तुम्ही त्याच्या बातमीला ‘खोटं’ म्हणता. तो खोटं बोलत नव्हता. तो काहीतरी वाचून हरखला होता आणि ते सांगायला आईकडे आला होता. चोविसाव्या वर्षी मुलगा आपणहून आईकडे येऊन ‘हे बघ’ म्हणतो, यातलं मोल तुम्हाला मी सांगायला नको. त्याला निकाल हवा होता असं तुम्ही गृहीत धरलंत, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने लाल पेन हातात घेऊन त्याचं बोलणं तपासायला बसलात. तो सुपरकंडक्टर, एलके-९९, त्याच्या वेळचं आठवा. जुलै २०२३ मध्ये कोरियातून दावा आला आणि पुढचे काही आठवडे जगभरच्या प्रयोगशाळा तो पदार्थ बनवून बघत होत्या; कोणाला जमतंय, कोणाला नाही, हे सगळं उघड्यावर चाललं होतं. मग कळलं की त्या पदार्थाच्या विद्युतरोधात अचानक होणारी घट, जिच्यावर दावा उभा होता, ती तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे असावी. सुमारे १०४ अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते. तुम्ही ‘टिकणार नाही’ म्हणालात आणि टिकलं नाही, ठीक. पण विज्ञान स्वतःची चूक कशी पकडतं हे रोजच्या रोज बघायची संधी होती, आणि घरात एक भौतिकशास्त्राची प्राध्यापिका होती. तुम्ही दोघांनी मिळून ते बघितलं असतं तर! ‘भेसळ कशी ओळखतात?’ हे त्याने तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही तासभर बोलला असतात.

म्हणून ‘गप्प बसू की वाट बघू’ हे दोन्ही पर्याय मला पसंत नाहीत. तुम्ही गप्प बसलात तर त्याला ते लगेच कळेल, आणि आई मनातल्या मनात खोडून काढते आहे हे उघड खोडून काढण्याहून वाईट. वाट बघण्यात तो अजून कच्चा आहे हे गृहीत आहे. त्याच्या त्या एका वाक्यावरून मला तसं वाटत नाही.

त्याच्याशी बोला, पण सुरुवात बातमीने करू नका. ‘तू नव्या गटात गेल्याचं मला बाहेरून कळलं. वाईट वाटलं. पण तू का सांगितलं नाहीस ते मला समजतं,’ एवढं पुरे. त्यापुढे ‘मी तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द आणू नका. मग त्याला त्याचं काम विचारा. ते नेमकं काय करतं, कुठे अडतं, त्याला स्वतःला त्यातलं काय पोकळ वाटतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या सगळ्या आक्षेपांहून धारदार निघेल. आतल्या माणसाला पोकळी जास्त दिसते. एक धोका मात्र आहे. येल विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की झिप किंवा कुलूप कसं चालतं हे आपल्याला चांगलं कळतं असं लोकांना वाटतं, आणि पायरी-पायरीने समजावून सांगायला लावलं की त्यांचाच विश्वास उतरतो. हे हत्यार तुमच्यासारखीच्या हातात पडलं की त्याची तोंडी परीक्षा व्हायला वेळ लागणार नाही. ते आधी स्वतःवर वापरा. ‘भाषेची मॉडेलं म्हणजे गाजावाजा’ म्हणण्यापूर्वी ती पुढचा शब्द कसा निवडतात हे कागदावर लिहून बघा. जिथे पेन थांबेल तिथला प्रश्न मुलाला विचारा. तो खरा प्रश्न असेल आणि त्यालाही ते जाणवेल.

दुसरं, एक वही करा. हे मी प्रत्येक ठाम मतवाल्याला सांगते, उत्साही असो की शंकेखोर. बातमी आली की तारीख टाकून लिहायचं: दावा नेमका कोणाचा आणि काय, तो कुठल्या टप्प्यावर आहे (पत्रकार परिषद, शोधनिबंध, की दुसऱ्या कोणी पुन्हा करून बघितलेला प्रयोग), आपल्याला तो किती टक्के खरा वाटतो, आणि काय दिसलं तर आपण मत बदलू. शेवटचा रकाना भरता आला नाही तर त्या विषयावर तोंड उघडू नये, निदान त्या आठवड्यात. टक्के लिहिताना सुरुवातीला हसू येतं. पण ‘दहा टक्के’ लिहिलेल्या दहा गोष्टींपैकी तीन-चार खऱ्या निघाल्या तर आपला नकार जरा स्वस्त झालाय हे कळतं. मुलाने ‘नव्वद टक्के’ म्हटलेलं निम्मं पडलं तर त्यालाही काही शिकायला मिळेल. दोघांनी एकच वही केलीत तर फारच छान. वर्षअखेर एकत्र बसून वाचा.

तुमच्या मुलाच्या बाजूने हे वाचणाऱ्यांनाही थोडं सांगते, नाहीतर सगळा दोष शंकेखोरांच्या माथी जाईल. बातमी आली त्याच दिवशी मत असायलाच हवं असं नाही. गुरुत्वीय लहरींचा (अवकाशातल्या कंपनांचा) संकेत अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेला १४ सप्टेंबर २०१५ ला मिळाला आणि घोषणा झाली ११ फेब्रुवारी २०१६ ला. शंभर वर्षं वाट बघायला लावलेली गोष्ट हाती आल्यावरही ती माणसं पाच महिने तपासत बसली. आपल्याला निदान पंधरा दिवस थांबता यावं. औषधाची बातमी असेल तर प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, हे शीर्षकात नसतं, खाली शोधावं लागतं. ‘धोका दुप्पट’ वाचलं की कशाच्या दुप्पट ते विचारा. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. आणि कोणी ‘गॅलिलिओलाही लोक हसले होते’ म्हणालं तर विषय बदला. ज्यांना लोक हसले त्या बाकीच्या हजारोंची नावं कोणाला आठवत नाहीत.

राहिल्या नणंदबाई. त्यांना प्रत्येक भेटीत उत्तर द्यायची काहीच गरज नाही. एकदा, शांतपणे, त्या एकट्या असताना सांगा. चारचौघांत सांगितलंत तर त्या मत सांभाळण्याऐवजी मान सांभाळतील. सांगताना अचूक राहा. रेडिओलहरींच्या एका फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडायला पुरत नाही, क्ष-किरणांची पुरते; हा फरक तुम्ही कोणापेक्षाही चांगला समजावाल. पण ‘पुरावा शून्य’ असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात टाकलं आहे. नणंदबाईंनी ते कुठेतरी वाचलेलं असणार, आणि तुम्ही नाकारलंत तर पुढचं काहीच ऐकणार नाहीत. ते तुम्हीच आधी सांगा, आणि हेही सांगा की हा गट पुरावा किती पक्का आहे ते दाखवतो, धोका किती मोठा आहे ते नाही. २०११ चा निर्णय मुख्यतः कानाला फोन लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर होता, आणि अंतर वाढलं की लहरींची तीव्रता झपाट्याने उतरते. म्हणजे चिंता करायचीच तर टॉवरच्या आधी हातातल्या फोनची करावी. लांब बोलायचं असेल तेव्हा इअरफोन लावले की झालं. पुढच्या भेटीत त्यांनी पुन्हा टॉवर काढला तर ‘इअरफोन घेतलेत का?’ एवढंच विचारा.